सुटलेली कड

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक दुमजली दवाखाना होता. तिथं मी ऑपरेशन थिएटरची नर्स होते. आजूबाजूला सगळे कारखाने, त्यामुळे आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक मोडकी हाडं घेऊनच यायची. कुणाच्या पायावर लोखंडी कास्टिंग पडलेलं, कुणाला नाशिक रस्त्यावर ट्रकनं उडवलेलं.

आमचे हाडांचे सर्जन चाळिशीचे होते. उंच, हडकुळे, कामापुरतं बोलणारे. आदल्या वर्षी त्यांनी एका लेथवरच्या कामगाराच्या मांडीच्या हाडाला प्लेट बसवली होती. ती जखम पिकली. महिनोन्‌महिने पू येत राहिला आणि शेवटी तो पाय कापावा लागला. तेव्हापासून थिएटरमध्ये माशी दिसली तरी सर ऑपरेशन पुढं ढकलायचे. हाडात एकदा जंतू शिरले की ते बाहेर काढणं किती कठीण, हे त्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, कारण त्या माणसाचं ड्रेसिंग मीच करत होते.

म्हणून त्यांच्या परदेशातल्या मित्रानं जखमेभोवती चिकटवायच्या नव्या शीटचं एक खोकं बोटीनं पाठवलं, तेव्हा सरांना केवढा आनंद झाला! कागदाच्या पाकिटात घडी केलेलं पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिक, एका बाजूला चिकट. तोवर आम्ही जखमेभोवती हिरवे कापडी टॉवेल लावत असू आणि ते जागेवर राहावेत म्हणून कातडीला चिमटे लावत असू. कापड रक्तानं, सलाईननं भिजलं की त्यातून जंतू आरामात पार होतात. शिवाय जखमेच्या दोन्ही बाजूंना उघड्या कातडीची पट्टी राहतेच. कातडी कितीही धुवा, केसांच्या मुळाशी जंतू उरतातच. ही शीट सरळ कातडीवर चिकटवायची आणि तिच्यासकट कातडी कापायची. म्हणजे जखमेच्या ओठापर्यंत सगळं झाकलेलं. "जंतू तळघरात आणि वरून कुलूप," सर म्हणाले होते. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

शीट थोड्याच होत्या. योग्य रुग्ण येईपर्यंत त्या कपाटात राहिल्या.

आणि तो आला. चऱ्होलीचा, तिशीच्या आतबाहेरचा, भोसरीच्या एका फाउंड्रीत कामाला. सेकंड शिफ्टला सायकलवरून निघाला असताना मागून ट्रकनं धडक दिली. डावी मांडी आणि उजवी नडगी, दोन्हीकडची हाडं मोडली होती. त्याची बायको गावाहून धावत आली. अंगानं किरकोळ, पण नजर अशी रोखून बघायची की समोरच्याला खोटं बोलायला जड जावं.

"दोनी पाय?" तिनं विचारलं.

"दोन्ही. आधी मांडी करू, ते मोठं हाड आहे. अंगात ताकद आली की मग नडगी."

"परत चालतील ना पण?"

"तेवढ्यासाठीच करतोय," सर म्हणाले.

मोठी ऑपरेशनं आम्ही शक्यतो गुरुवारी घेत असू. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची, त्यामुळे वीज टिकायची. पण या माणसाची मांडी सुजत चालली होती आणि गुरुवार लांब होता. सरांनी सोमवार धरला.

मे महिना होता. थिएटरमधला एसी नुसता घरघरत होता, गार काही करत नव्हता. भूल देणाऱ्या मॅडम तळेगावहून लोकलनं येत. त्यांनी कमरेतून भूल दिली. म्हणजे कमरेखालचं अंग बधिर, पण माणूस पूर्ण जागा. त्याला आमचं काम दिसू नये म्हणून छातीपाशी आडवा पडदा बांधला.

मांडी मी धुतली. वर्षानुवर्षं वापरत होतो तेच फेस येणारं पिवळसर जंतुनाशक, साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत. दोनदा चोळलं, टॉवेलनं टिपलं. दिवा एकदा मंद होऊन परत उजळला. सर म्हणाले, "चला, वीज आहे तोवर उरकू." शीटमागचा कागद सोलला आणि दोघांनी दोन टोकं धरून ती मांडीवर बसवली. कुठं सुरकुती नाही, काही नाही. त्याच्या मांडीवरचा एक जुना वण शीटमधूनही स्पष्ट दिसत होता. सरांनी त्या प्लास्टिकवरूनच सुरी चालवली.

बराच वेळ सगळं नीट चाललं. हाडाची टोकं जुळली, प्लेट बसली, स्क्रू आत जायला लागले. मी पुढचा स्क्रू हातात दिला आणि जखमेच्या खालच्या कडेकडे पाहिलं. शीटखाली एक बुडबुडा होता. मघाशी नव्हता. मांस बाजूला धरणारं हत्यार हललं की तो बुडबुडा लांबायचा. मग कड वर उचलली गेली आणि जखमेतलं रक्त नि सलाईन तिच्याखाली शिरलं. पुढच्या हालचालीला तेच पाणी परत जखमेत. ज्या कातडीपासून जखम वाचवायची, तिच्यावरून फिरून पाणी आत येत होतं.

"सर, खालची कड सुटतेय."

"किती?"

"बोटभर. वाढतेय."

पडद्यापलीकडून आवाज आला, "काय सुटतंय सिस्टर?"

आम्ही सगळे त्या कडेवर वाकलो होतो. त्यानं घाबरून परत विचारलं, "माजा पाय सुटतोय का?"

"पाय नाही," सर म्हणाले. मान वर न करता, पण अगदी स्पष्ट. "वर लावलेलं प्लास्टिक सुटतंय. पाय माझ्या हातात आहे."

त्यांनी कोरड्या गॉजनं कड दाबून पाहिली. दाबलेली जागा बसली आणि शेजारची उचलली. वरच्या बाजूनंही तसंच सुरू झालं. आता ते प्लास्टिक जखमेत लोंबायला लागलं होतं. मी सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते. त्यांचं मन कुठं गेलं होतं ते मला कळलं. आदल्या वर्षीच्या त्या पायाकडे.

"जखम ओल्या गॉजनं भरा," ते म्हणाले. "शीट पूर्ण काढायची. सगळ्यांचे हातमोजे बदला. टिंक्चर आयोडीन आणा आणि नवे टॉवेल."

मी टोक धरून ओढलं. शीट सहज निघाली, ओल्या भिंतीवरचं पोस्टर यावं तशी. खालची कातडी पांढुरकी, बुळबुळीत झाली होती. आम्ही ती आयोडीननं पुसली, टॉवेल लावले, चिमटे बसवले. सर सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या जखमेत ओतत राहिले. मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि रुग्णाकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"सिस्टर, अंगठ्याला मुंग्या येत्यात," तो म्हणाला.

भूल उतरायला लागली होती. अजून दोन स्क्रू बाकी होते आणि मग टाके. मॅडमनी गॅसचा मास्क हातात घेतला. "दादा, दुखलं तर लगेच सांगा. अंगावर काढू नका." तो "व्हय" म्हणाला आणि दातावर दात दाबून पडून राहिला. शेवटच्या टाक्यांना त्याला कळत होतं. त्यानं मॅडमचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ मनगटावर उमटला.

सर हातमोजे काढून तसेच बाहेर गेले. मी मागोमाग. बायको जिन्यापाशी उभी होती.

"प्लेट बसली," ते म्हणाले. "पण एक गोष्ट नीट झाली नाही, ती तुम्हाला सांगितली पाहिजे." आणि त्यांनी शीट काय असते, कशासाठी लावली आणि कशी सुटली ते सगळं सांगितलं. मला वाटलं, एवढं कशाला सांगायचं. ती शेवटपर्यंत त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"म्हंजी जखम बिघडंल?"

"बिघडू शकते. आत्ता सांगता येत नाही. ताप येतो का ते बघायचं."

"ती नवी चीज ह्यांच्यावरच का लावली?"

"चांगली आहे म्हणून लावली."

"चांगली व्हती तर सुटली कशी?"

"ते मला शोधायचंय," सर म्हणाले.

पहिले दोन दिवस ताप नव्हता. मी वॉर्डात थर्मामीटर घेऊन गेले की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग काचेकडे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पारा चढला. मी काही बोलायच्या आतच ती भिंतीला टेकून खाली बसली. पट्टी सोडली तर दोन टाक्यांच्या मध्ये लाल झालं होतं आणि दाबल्यावर पातळ पाणी येत होतं. सरांनी ते दोन टाके मोकळे केले. पुण्याला तपासणीला नमुना पाठवला, इंजेक्शनं सुरू केली. ड्रेसिंग मीच करायचे. वास आधी येतो, पू नंतर दिसतो. मी श्वास रोखून पट्टी काढायचे आणि मग हळूच नाकानं हवा ओढायचे.

घरी गेले की वडील विचारायचे, "त्या माणसाचा ताप?" ते पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात कामाला होते, आम्ही देत होतो ती इंजेक्शनं तिथंच बनायची. त्यांना त्या माणसाचं नाव-गाव काही माहीत नव्हतं. मी "आहे" म्हटलं की ते पुढं बोलायचे नाहीत, पण ताटावरून लवकर उठायचे.

शीट का सुटली, यावर आमच्या तिघांचं एकमत नव्हतं. सरांना वाटत होतं, ते खोकं बोटीतून येताना उन्हात तापून खराब झालं असावं. मॅडम म्हणत, घामानं सुटली, त्या दिवशी थिएटरमध्ये आपण सगळेच निथळत होतो. मला वाटत होतं, आपण कातडी ओली असतानाच लावली. सर म्हणाले, "भांडून काय होणार? लावून बघू."

रविवारी मी सकाळी विहारातून वंदना करून थेट दवाखान्यात गेले. सरांनी बाहीची बटणं काढून हात टेबलावर ठेवला. दुसरा हात माझा. एका शीटच्या पट्ट्या कापल्या. दोघांच्याही हातावर एक जागा नेहमीच्या फेसाळ जंतुनाशकानं धुऊन ओलीच ठेवली, दुसरी त्याच औषधानं धुऊन पूर्ण वाळू दिली, तिसरी नुसत्या स्पिरिटनं पुसली, चौथीला स्पिरिटमधलं आयोडीन लावून सुकू दिलं. मग चारही ठिकाणी पट्ट्या. वर सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज ठेवलं आणि मुठी वळत, सोडत बसलो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघांना वेड लागलंय असंच वाटलं असतं.

ओल्या जागेवरची पट्टी सगळ्यात आधी सुटली, ते अपेक्षितच होतं. पण धुऊन वाळू दिलेल्या जागेवरचीही सुटली. तिथं मी बोट फिरवलं तर कातडीवर पातळ, निसरडा थर होता. त्या औषधातला साबण वाळून तिथंच राहिला होता आणि पाणी लागताच पुन्हा बुळबुळीत झाला. चिकट बाजू कातडीला लागलीच नव्हती, त्या थराला लागली होती. स्पिरिटवरची पट्टी बरीच टिकली. आयोडीनवरची तर सलाईन टाकून, कोपर वाकवून, ओढून बघितली तरी हलेना. म्हणजे शीट चांगली होती. आमची धुण्याची रीत तिच्याशी जुळत नव्हती.

"मग नडगीला आयोडीन आणि शीट," सर म्हणाले.

"सर, नडगीला कापडच लावू," मी म्हणाले. त्यांच्याशी एवढ्या जोरात मी कधी बोलले नव्हते. "त्या माणसाला अजून ताप आहे. परत सुटली तर?"

"कापड लावलेला पाय मी कापलाय, सिस्टर."

मी टेबल आवरायला लागले. पण मनातून पटलं नव्हतं. सर म्हणाले, "त्यांनाच विचारू." आणि तसेच, हातावरच्या पट्ट्यांसकट, वॉर्डात गेले.

तो उशीला टेकून पडला होता. बायको त्याला वारा घालत होती. सरांनी खुर्ची ओढली आणि सकाळपासून काय केलं ते सांगितलं. साबणाच्या जागेवर नुसती लोंबणारी पट्टी बोटानं उचलून दाखवली. मग हात पुढं करून आयोडीनवरची पट्टी तिला दाखवली. "ओढून बघा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग नखानं कड उकरली आणि ओढली. पट्टी ताणली गेली, कातडी वर आली, दोन-चार केस तुटले तेव्हा कुठं टोक सुटलं. सरांच्या कपाळाला आठी पडली. तिनं सोडलं नाही, अजून थोडं ओढून पाहिलं.

"लई चिकाटलीय," ती म्हणाली.

"तुमचं काय म्हणणं?" सरांनी त्याला विचारलं.

"मी काय, पडलोय हितं. तिला इचारा."

ती बराच वेळ सरांच्या हातावरच्या लाल झालेल्या जागेकडे बघत राहिली. "लावा," म्हणाली. "पर सुटली तर मला लगेच भाईर येऊन सांगायचं. समदं झाल्यावर न्हाई. लगेच."

"लगेच," सर म्हणाले.

ताप उतरायला लागला आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी आम्ही नडगी घेतली. या वेळी पाय साबणानं आदल्या संध्याकाळीच धुऊन घेतला होता. टेबलावर फक्त आयोडीन. मी ते लावलं आणि आम्ही थांबलो.

हे थांबणंच सगळ्यात अवघड होतं. भूल दिलेली, घड्याळ चालू, आणि आम्ही हात छातीशी धरून एका पायाकडे बघत उभे. आयोडीनमधलं स्पिरिट ओलं असताना रक्त थांबवायचं विजेचं यंत्र लावलं तर भडका उडू शकतो, म्हणूनही घाई करता येत नव्हती. आयोडीनचा एक ओघळ गुडघ्यामागं जाऊन साठला. तो मी टिपला आणि आम्ही पुन्हा थांबलो.

"वाळलं?" सरांनी विचारलं.

"नाही. घोट्याजवळ अजून चकाकतंय."

मॅडम म्हणाल्या, "माझी भूल काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

"मला माहितेय. थांबा," सर म्हणाले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

चकाकी गेली. कातडी तपकिरी, कोरडी दिसायला लागली. शीट लावली आणि मी तळहातानं मधून कडेकडे दाबत नेली. सरांनी सुरी घेतली.

"सिस्टर, सुटली का?" पडद्यापलीकडून.

"अजून सुरुवातच केलीय, दादा."

स्क्रू जायला लागले. मी हत्यारं देत होते, पण माझे डोळे कडेवर. सलाईन ओतलं, कड जागेवर. हत्यार हललं, कड जागेवर. आणि मग घोट्याच्या बाजूला, अगदी खालच्या टोकाला, शीटचा कोपरा वर आला. सरांनीही तो पाहिला. त्यांचा हात थांबला. जखमेपासून तो कोपरा लांब होता, पण मागच्या वेळी एवढ्यापासूनच सुरुवात झाली होती. आम्ही दोघंही बघत राहिलो. कोपरा तिथंच थबकला. पुढं सरकला नाही. सर पुन्हा कामाला लागले.

"सुटली का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरं. जखमेजवळ घट्ट आहे."

शेवटचा टाका होईपर्यंत त्यानं आणखी कितीदा विचारलं कोण जाणे. नंतर शीट काढताना मला एका हातानं कातडी दाबून धरावी लागली, एवढी ती बसली होती. सर तोवर बाहेर गेले होते. मी दारातून पाहिलं. ते काहीतरी दोनच शब्द बोलले आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

उजवा पाय स्वच्छ भरला. टाके निघाले तेव्हा तिथं नुसती रेघ होती. डाव्या मांडीनं मात्र आमचा जीव खाल्ला. दिवाळी उलटली तरी तिथल्या बारीक भोकातून ओल येतच होती. हाड जुळल्यावर सरांनी प्लेट काढली, आतून खरवडून साफ केलं, मग ती जखम बुजली. पाय वाचला. गुडघा पूर्ण वाकत नाही, मांडी घालून बसता येत नाही. फाउंड्रीनं त्याला भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये घेतलं.

एकदा तपासणीला आले असताना तिनं सरांना विचारलं, "डावा पाय त्या प्लास्टिकमुळंच नासला व्हता का?"

खोलीत मी होते. सर म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही. तसं असू शकतं. हवेतून किंवा आमच्या हातांवरून आत काही गेलं असेल, असंही असू शकतं."

"बरं," ती म्हणाली, आणि नवऱ्याला खुर्चीतून उठवायला लागली. रागावली होती की समाधान झालं होतं, मला अजून सांगता येणार नाही.

त्या शीट पुढच्या वर्षी संपल्या आणि आम्ही पुन्हा कापडावर आलो. पण थिएटरमध्ये एक बदल राहिला. कातडीला औषध लावलं की आम्ही थांबायचो. नव्या नर्सेस कंटाळायच्या, मॅडम कुरकुरायच्या, सर मात्र हात छातीशी धरून त्या ओल्या कातडीकडे बघत उभे असायचे. आणि वाळलं का, असं ते मला विचारायचे.